हिरामण पाटलांचं स्थलांतर

अमेरिकन कादंबरी वाचल्याने माणसाच्या हातून ग्रामपंचायतीच्या कारभाराचा विचका होऊ शकतो, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी त्या वर्षी मुकाट्याने भाषाविज्ञानाचा पेपर घेतला असता. पण असल्या बाबतीत आपले लोक आधी काही सांगत नाहीत. नंतर मात्र सगळ्यांना आधीपासून माहीत असतं.

सुरुवात झाली ती आमच्या दारावरच्या पाटीपासून. मी शाळेत इंग्रजी शिकवतो. एम.ए.ला बाहेरून बसायचं ठरवलं तेव्हा पाटी रंगवणारा नेमका घरी आलेला होता. सध्या काय शिकता, असं त्याने विचारलं आणि मी खरं ते सांगितलं. त्याने उत्साहाच्या भरात माझ्या नावापुढे 'एम. ए. (इंग्रजी)' असं लिहून टाकलं, तेही नावापेक्षा मोठ्या अक्षरांत. पहिल्या वर्षी नापास झालो तेव्हा माझी बायको शारदा हिने जुन्या कॅलेंडरचा एक तुकडा खळीने त्या अक्षरांवर चिकटवला. दुसऱ्या वर्षी नापास झालो तेव्हा तो तिथे होताच. मात्र पाऊस आला की कागद सुटायचा, एम.ए. उघडं पडायचं आणि रस्त्याने जाणारी भली माणसं आत येऊन पेढे मागायची. तेव्हा तिसऱ्या खेपेला काय वाटेल ते झालं तरी तो कागद कायमचा काढायचा, असा मी निश्चय केला होता.

माझा घात दोन्ही वेळा एकाच पेपराने केला होता. त्यात एक जुनी, जगप्रसिद्ध अमेरिकन कादंबरी होती आणि तिच्यावर 'पात्रे व आशयसूत्रे' हा प्रश्न हमखास यायचा. कादंबरीचं नाव सांगत नाही. माझ्यामुळे तिची झाली तेवढी बदनामी पुरे. तिच्यात हायरम नावाचा एक कापूसवाला शेतकरी आहे, त्याची बायको आहे, एक खेचर आहे, एक नदी आहे आणि गाडीत ग्रामोफोन वाजवत नव्या सरकीच्या थैल्या विकणारा एक एजंट आहे. हायरम त्या सरकीला भुलतो आणि पुढे व्हायचं ते होतं. मार्गदर्शकात, म्हणजे गाईडात, लिहिलं होतं की नदी हे काळाचं प्रतीक आहे, खेचर हे मानवी सहनशीलतेचं प्रतीक आहे आणि एजंट हे प्रगतीच्या भ्रमाचं प्रतीक आहे. मी हे दोन वर्षं पाठ करत होतो आणि परीक्षेत दोन्ही वर्षं नदी आणि खेचराची प्रतीकं एकमेकांत मिसळून ठेवत होतो.

आमच्या समोर जहांगीरभाईंचा गाद्यांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक पडवी, कापसाचा ढीग आणि ते स्वतः. दिवसभर त्यांच्या धुनकीची तार टणत्कार करत असते आणि कापूस पिंजून निघत असतो. मी ओट्यावर बसून ओठ न हलवता वाचतो, हे त्यांना बरेच दिवस खटकत होतं. एका संध्याकाळी त्यांनी तार थांबवून मला बोलावलं.

"मास्तर, मनात वाचलेलं मनातच राह्यते," ते म्हणाले. "मले सांगत जा. माही धुनकी थांबली, का समजायचं, गोष्ट जमली."

सल्ला मला पटला. पहिल्या संध्याकाळी मी मूळ नावांसकट सुरुवात केली. धुनकी एकदाही थांबली नाही. हायरम हे माणसाचं नाव आहे की गावाचं, एवढं त्यांनी चारदा विचारलं. मग मी आपल्या थोर नाटककारांचा जुना मार्ग धरला आणि कादंबरीचं सरळ रूपांतर करून टाकलं. हायरमचा हिरामण केला. जमीनजुमला असल्यामुळे त्याला पाटील हे ओघानेच आलं. त्याच्या बायकोचं नाव कमळजा ठेवलं. नदीची पैनगंगा केली. खेचराचा बैल करण्याचा मोह झाला होता, पण गाईडातली सहनशीलता बैलाला लागू पडेल की नाही याची खात्री नव्हती, म्हणून खेचर तसंच ठेवलं. एजंटाला एजंटच म्हटलं, कारण तो सगळीकडे सारखाच असतो. दुसऱ्या संध्याकाळी ग्रामोफोन वाजायला लागला आणि धुनकी थांबली. तिसऱ्या संध्याकाळी पडवीत बसायला जागा उरली नाही.

इथे त्या वर्षीचं थोडं सांगितलं पाहिजे. आमच्या जानेफळच्या आजूबाजूला तेव्हा बी.टी. कपाशीचं वारं नवंनवं सुटलं होतं. खऱ्या पाकिटांच्या मागोमाग बिनबिलाची पाकिटंही आली होती. पाकिटावर स्वच्छ लिहिलेलं होतं की या कपाशीला बोंडअळी लागत नाही. अळ्यांना वाचता येत नसल्यामुळे त्या लागल्या. गावात ज्याच्या त्याच्या वावरात पऱ्हाटी उभी होती आणि बोंडं आतून पोखरलेली होती. अशा गावात मी हिरामणाची गोष्ट सांगत होतो. मी अभ्यास करत होतो, एवढंच माझ्या डोक्यात होतं. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. इथे तर सगळ्यांचंच जळत होतं आणि सगळ्यांनाच कळत होतं.

आठवड्याभरात गावात दोन पक्ष पडले. एका पक्षाचं म्हणणं, दोष एजंटाचा. दुसऱ्याचं म्हणणं, ग्रामोफोन ऐकून सरकी घेणाऱ्या माणसाला दोष द्यायचा नाही तर कोणाला द्यायचा? सरपंच गुलाबराव सुरुवातीला एवढंच बघायला आले होते की मी कोणाच्या प्रचाराला माणसं गोळा करतो आहे. ते दुसऱ्या पक्षात बसले आणि मग उठलेच नाहीत. सर्वांत पुढे सोजराबाई बसायच्या. गावाच्या खालच्या अंगाला त्यांचं स्वतःचं वावर आहे, ते त्या एकटीच्या बळावर करतात. त्या मांडीवर बोंडं घेऊन बसायच्या, एकेक फोडायच्या आणि माझ्या तोंडाकडे बघायच्या. मी खेचराच्या प्रतीकाचा विषय काढला तेव्हा त्यांनी मला अडवलं.

"प्रतीक गितीक राहू द्या, गुरुजी," त्या म्हणाल्या. "त्याले सकाळपासून कोणी पाणी पाजलं का, ते सांगा."

मी पानं उलटीपालटी करून बघितली. कोणी पाजलेलं नव्हतं. जगभरच्या समीक्षकांच्या नजरेतून हे सुटलं होतं, त्याला मी काय करणार? पुढच्या प्रकरणात खेचर मेलं तेव्हा सोजराबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू ते माझ्याच गोठ्यात होतं. शारदा आतून चहा पाठवून पाठवून दमली होती. तिचं मत असं पडलं की तुम्ही एम.ए. होणार नाही, पण कीर्तनकार व्हाल.

मग ग्रामसभा आली. विषय होता बोंडअळीने झालेल्या नुकसानीची यादी. ग्रामसेवक नुकतेच बदलून आलेले, मान खाली घालून एकेकाचं नाव लिहून घेत होते. सभा संपत आली तेव्हा सोजराबाई मागून बोलल्या, "हिरामणचं भी लेहा ना. त्याचं तं सारंच गेलं." सगळे हसले आणि सगळ्यांनी हात वर केले. मी तर उठून सर्वांचे आभार मानले. आपण सांगितलेली गोष्ट लोकांच्या इतकी जिव्हाळ्याची व्हावी, यापेक्षा इंग्रजीच्या शिक्षकाला दुसरं काय हवं? ग्रामसेवकांनी मान वर न करता लिहिलं: हिरामण पाटील, नदीकाठ.

यादी गेली आणि तालुक्याहून पंचनाम्यासाठी कृषी सहायक आले. सौमित्र नावाचा हा तरुण मुलगा पहिल्याच नेमणुकीवर होता आणि कामाला फार प्रामाणिक होता. बाकी सगळी वावरं झाली. हिरामणाचं काही सापडेना. दोन दिवस तो नदीकाठाने चिखल तुडवत फिरला आणि दिसेल त्याला विचारत राहिला. लोकांना वाटलं, साहेबाला गोष्ट ऐकायची आहे. त्यांनी जीव ओतून सांगितली. बायको रागावून बहिणीकडे गेली. खेचर उन्हात मेलं, त्याला कोणी पाणीसुद्धा पाजलं नाही. आता तो एकटाच नदीकडे बघत बसतो आणि कोणाशी बोलत नाही. शेत कुठे आहे म्हटल्यावर ते हात लांब करून म्हणायचे, थे तिकडं, लय दूर. सौमित्रच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणतात. त्याने वावर न बघताच अहवालात लिहिलं की सदर शेतकरी अत्यंत अडचणीत असून त्यास प्रथम प्राधान्य द्यावे. त्यामुळे हिरामण यादीत एक नंबरवर गेला.

आणि एक नंबरवर सातबारा सापडेना, म्हणून त्याच्यामागची सगळी यादी अडली.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. गुलाबराव मला मोटारसायकलवर मागे बसवून तालुक्याच्या कचेरीत घेऊन गेले. वाटेत त्यांनी प्रत्येक खड्डा शोधून त्यात गाडी घातली. कचेरीतल्या कारकुनाने शांतपणे कागद पुढे ओढला.

"नाव कमी करायचं? मग कारण लागेल. मयत की स्थलांतरित?"

"काल्पनिक," मी म्हटलं.

"तसा रकाना नाही."

मी त्याला कादंबरी म्हणजे काय, पात्र म्हणजे काय, लेखकाची प्रतिभा म्हणजे काय, हे सगळं समजावून सांगितलं. वर्गात इतकं शांतपणे माझं कोणी कधी ऐकलेलं नाही. नाव चुकून पडलं असं लिहू का, असं गुलाबरावांनी विचारलं. लिहा की, कारकून म्हणाला, मग चूक कोणाची याची चौकशी लागेल, त्यात तो ग्रामसेवक जाईल, पंचनामा करणारा पोरगा जाईल, ठरावाला हात वर करणारे तुम्हीही जाल आणि यादी पुढच्या हंगामापर्यंत इथेच पडून राहील. त्यापेक्षा ग्रामसभेचा साधा ठराव आणा, मयत तर मयत, स्थलांतरित तर स्थलांतरित. एवढं बोलून त्याने चष्मा काढला आणि खरोखरच्या उत्सुकतेने मला विचारलं की पण मास्तर, शेवटी तो मेला की गेला?

गुलाबरावांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं.

मला माहीत नव्हतं. हे मी इतके दिवस कोणालाच सांगितलेलं नव्हतं, शारदेलासुद्धा नाही. मूळ पुस्तक विद्यापीठाकडून यायचं होतं, ते दोन वर्षांत आलेलं नव्हतं. माझ्याकडे होती ती झेरॉक्स, आणि ती शेवटच्या प्रकरणाच्या आधी एका वाक्याच्या मध्यावरच संपत होती. हायरम टोपी हातात घेऊन नदीच्या काठावर उभा राहतो, 'आणि मग तो', एवढ्यावर कागद संपले होते. गाईडात म्हटलं होतं की कादंबरीचा शेवट सूचक व बहुअर्थी आहे. म्हणजे गाईड लिहिणाऱ्याकडेही तीच झेरॉक्स असावी. मी आल्यापावली वाचनालयात गेलो. तिथे पुस्तक होतं, पण त्याच्या मागच्या बाजूने वाळवी लागलेली होती आणि ती एजंटापर्यंत पोचली होती.

पुन्हा ग्रामसभा बसली. मी उभा राहून सगळ्यांसमोर कबूल केलं की शेवट माझ्याकडे नाही. लोक इतके नाराज झाले की मला अळीचा पक्ष घेतल्यासारखं वाटलं. एवढ्या संध्याकाळी पडवीत बसवून ठेवलं आणि शेवट नाही म्हणजे काय? कोणीतरी मागून म्हणालं की मास्तर दोनदा नापास काऊन झाला, ते आता समजलं. दारावरची पाटी तेव्हा मला फार लांब वाटली.

गुलाबरावांनी मग कामाचं बोलायला सुरुवात केली. त्यांचं म्हणणं सरळ होतं. मयत लिहून टाका, एका ओळीत प्रकरण मिटेल, मेलेल्या माणसाला कोणी पुढे प्रश्न विचारत नाही. ग्रामसेवकांनी पेन उघडलं. मीही मान डोलावली, कारण थोर कादंबऱ्यांत माणसं शेवटी मरतात, असा माझा साधारण अनुभव आहे.

सोजराबाई उठल्या. मांडीवरची बोंडं खाली सांडली.

"गावात मेलेल्याईचे दाखले कमी पडले का?" त्या म्हणाल्या. "मागच्या साली किती काढले, मले काही विचारू नका. थे आपल्या हातात नव्हते. हा एक तं आपल्या हातात हाये. याले जगू द्या."

मागच्या वर्षीचं सगळ्यांनाच माहीत होतं. सगळ्यांत आधी जहांगीरभाईंनी हात वर केला, मग त्यांच्या बाजूच्यांनी, मग दुसऱ्या पक्षातल्या सगळ्यांनी. गुलाबरावांनी आजूबाजूला बघितलं, वारा कुठून आहे ते ओळखलं आणि दोन्ही हात वर केले.

मसुदा माझ्याकडे आला. इतका विचार करून मी आयुष्यात दुसरं काही लिहिलेलं नाही. स्थलांतरित एवढा शब्द पुरे होता, पण सभा ऐकेना. कुठे गेला? बायकोच्या बहिणीच्या गावी. बायको घेईल का त्याला? एका बाईने सांगितलं की आधी दोन दिवस बोलणार नाही, मग घेईल. तेही लिहा, असं ठरत होतं, पण ग्रामसेवकांनी हात जोडले. शेवटी ठराव असा झाला: 'श्री. हिरामण पाटील हे पत्नीसह तिच्या बहिणीच्या गावी कायमचे राहावयास गेले असून त्यांची प्रकृती उत्तम आहे व यापुढे ते कापूस पेरणार नाहीत.' शेवटच्या वाक्याची सरकारी कामाला गरज नाही, असं ग्रामसेवक म्हणाले. सभा म्हणाली, आम्हाला आहे. ठराव टाळ्यांत मंजूर झाला, कचेरीत लागला, हिरामणाचं नाव कमी झालं आणि अडलेली यादी एकदाची पुढे सरकली.

त्यानंतर लगेच माझी परीक्षा आली. जिल्ह्याच्या गावी जाऊन बसलो, प्रश्नपत्रिका उघडली आणि बघतो तर पहिलाच प्रश्न: कादंबरीच्या शेवटाच्या आधारे नायकाचे पात्र व मुख्य आशयसूत्र यांची चर्चा करा. खरं सांगतो, मला आनंद झाला. मी लिहीत सुटलो. हायरम नदी ओलांडून मेहुणीच्या गावी जातो. बायको दोन दिवस बोलत नाही. तिसऱ्या दिवशी ती त्याच्यासमोर ताट ठेवते आणि इथेच कादंबरीचं मुख्य सूत्र उलगडतं, ते म्हणजे एकट्या माणसाचं नुकसान गावाने वाटून घेतलं की ते सोसतं. पुढे तो तूर पेरतो. मी पुरवण्या मागून घेतल्या. शेजारचा परीक्षार्थी माझ्याकडे भीतीने बघत होता. पेपर देऊन मी बाहेर आलो तो तरंगतच. बसस्टँडवर मिरचीभजी खाल्ली आणि घरी येऊन शारदेला सांगितलं की खळीचा डबा आता फेकून दे.

नापास झालो. इतर पेपरांत सुटलो होतो, त्याच पेपरात बुडालो.

गावाने ही बातमी माझ्यापेक्षा मनावर घेतली. गुलाबरावांचं ठाम मत पडलं की तपासणाऱ्याने पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलं दिसत नाही. पुढच्या ग्रामसभेत अनंत गुरुजी एम.ए. झाले असे मानण्यात यावे, असा ठराव घ्यायला ते निघाले होते. ग्रामसेवकांनी त्यांना कसंबसं थोपवलं. मग त्यांनी रागाने माझ्या दारासमोर येऊन पाटीवरचा कागद स्वतःच्या हाताने ओरबाडून काढला. समोरून जहांगीरभाईंनी तार छेडून पसंती दिली. दोन दिवस मी उघड्या पाटीखालून मान खाली घालून आत-बाहेर केलं, आणि पेढे मागायला आलेल्या एका भल्या माणसाला चहा पाजून परत पाठवलं.

आणि मग, वरातीमागून घोडं म्हणतात तसं, विद्यापीठाचं पार्सल आलं. आत कोरी करकरीत कादंबरी होती, शेवटच्या प्रकरणासह. मी शाळेत होतो, म्हणून शारदेने ती आधी उघडली. तीही पदवीधर आहे, पण तिच्या पदवीची पाटी कोणी रंगवली नाही म्हणून ती बिचारी सुखात असते. मी घरी आलो तेव्हा पुस्तक तिच्या मांडीवर मिटलेलं होतं.

"अहो," ती म्हणाली, "हे सोजराबाईंना सांगायचं नाही."

मी ओट्यावर बसून वाचलं. फार मोठं प्रकरण नव्हतंच. 'आणि मग तो' पाण्यात उतरतो. पुढच्या पानावर त्याची टोपी काठच्या झुडपात अडकलेली लोकांना सापडते, आणि एजंटाची गाडी ग्रामोफोन वाजवत दुसऱ्या गावाकडे जाते. लिहिलं फार सुंदर होतं. ते वाचून मला रडू आलं आणि लेखकाचा रागही आला. त्या माणसाला एकदा आमच्या ग्रामसभेत आणून बसवायला हवं होतं, असं मनापासून वाटलं. समोर धुनकी थांबली होती. काय झालं, असं जहांगीरभाईंनी मानेनेच विचारलं. मी मानेनेच काही नाही म्हटलं आणि पुस्तक शारदेच्या ट्रंकेत लुगड्यांखाली गेलं.

आता पास व्हायचा मार्ग मला स्वच्छ दिसत होता. पुढच्या खेपेला त्याच प्रश्नाच्या उत्तरात हिरामणाला पाण्यात उतरवायचं, टोपी झुडपात अडकवायची, की एम.ए. पदरात पडणार. तीन वर्षं ज्याच्यासाठी घासली ते एका वाक्याच्या अंतरावर होतं. मी दोन दिवस फॉर्म समोर घेऊन बसलो. तिसऱ्या दिवशी कादंबरीच्या पेपरावर काट मारली आणि त्याच्या जागी कवितेचा पेपर घेतला. कवितेतलं मला ओ की ठो कळत नाही, पण कवितेत निदान सातबारा असलेलं कोणी नसतं. शारदेने फॉर्म वाचला आणि आत जाऊन खळ शिजवायला ठेवली.

पाटीवर ताजा कागद चिकटवून मी स्टुलावरून उतरत होतो तेव्हा सोजराबाई रस्त्याने वावराकडे चालल्या होत्या. डोक्यावर पाटी होती, हातात विळा होता. त्यांनी थांबून एकदा कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"गुरुजी, हिरामणचं काही समजलं का?"

"बरा आहे तो," मी म्हटलं. "तूर चांगली आली म्हणे या साली."

"अन् कमळजा? बोलून राह्यली का त्याच्याशी?"

"हाव," मी म्हटलं, "बोलते."

सोजराबाईंनी मान हलवली, डोक्यावरची पाटी नीट केली आणि त्या वावराकडे निघून गेल्या.